तारेचं दुसरं टोक

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस हमखास विचारतो, "आपण काय करत होता?" मी म्हणतो, "हॉस्पिटलात होतो." लगेच त्याच्या चेहऱ्यावर आदर येतो. "डॉक्टर?" "नाही." आदर निम्मा होतो. "मग ऑफिसात?" "नाही हो. दुर्बिणीच्या खोलीत तार धरायचो." यावर तो वाढप्याला हाक मारतो आणि मठ्ठा मागतो. सव्वीस वर्षांच्या नोकरीची ही किंमत. म्हणून आमच्या मंडळाच्या संपादिकाबाईंनी दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर मी ताबडतोब हो म्हणालो. वाचताना तरी कुणाला मठ्ठा मागता येणार नाही.

आमचं घराणं बेंगळुरात किती पिढ्यांचं आहे हे आमच्या घरातही कुणाला नीट माहीत नाही. मराठी घरात बोलायचं, बाहेर कन्नड, आणि दोन्हीची मधे कुठेतरी मिसळ. हॉस्पिटलात मला लहानथोर सगळे अण्णा म्हणायचे. माझ्या लिखाणातले 'स्वल्प' (म्हणजे थोडं) आणि 'सरी' (म्हणजे बरं) संपादिकाबाईंना खोडायचे असतील तर खोडू देत, मी भांडणार नाही.

आधी कामाबद्दल सांगतो. आपल्याकडे आंबट ढेकर आला की माणूस 'पित्त झालं' म्हणतो आणि कोकम सरबत पितो. माझं आयुष्य ज्यात गेलं ते पित्त वेगळं. ते लिव्हरमध्ये तयार होतं, हिरवट पिवळं असतं आणि एका बारीक नळीतून आतड्यात उतरतं. नळी तुंबली की ते मागे फिरून रक्तात शिरतं. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, अंगाला इतकी खाज सुटते की माणूस भिंतीला पाठ घासत उभा राहतो. त्यात जंतू शिरले की हुडहुडी भरून ताप येतो, आणि मग दिवस मोजून चालत नाही, तास मोजावे लागतात.

आता ज्याचं लिव्हर बदललंय त्याचं बघा. घरातलंच कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा देतं. देणाऱ्याचं उरलेलं काही महिन्यांत वाढून भरून येतं, ही देवाचीच कृपा म्हणायची. सर्जन मंडळी अख्खा दिवस उभं राहून तो तुकडा आजाऱ्याच्या पोटात बसवतात. रक्तवाहिन्या जोडतात आणि शेवटी पित्तनळी जोडतात. ती शिजलेल्या शेवईएवढी असते. तिला टाके घालणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार आहे. पण जखम भरताना कातडी जशी आकसते, तसा काहींचा हा सांधाही आतून आकसतो. लिव्हर झकास चाललेलं असतं, रक्त व्यवस्थित असतं, आणि एवढ्याशा सांध्यापायी सगळं तुंबून बसतं. असे सांधे आमच्या खोलीत यायचे.

पेशंटला गुंगी द्यायची, तोंडातून दुर्बीण आतड्यापर्यंत न्यायची. तिथे पित्तनळीचं तोंड असतं, मसुराच्या दाण्याएवढं. त्यातून एक लांबलचक तार वर सरकवायची. तिचं टोक मऊ आणि निसरडं असतं. एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत ती आकसलेल्या सांध्यातून पार न्यायची. एकदा तार पार गेली की तिच्यावरून बारीकसा फुगा नेऊन सांधा ताणायचा आणि पेनातल्या रिफिलसारखी प्लॅस्टिकची नळी ठेवून द्यायची. तिला स्टेंट म्हणतात. दर तीन महिन्यांनी जुनी काढायची, नव्या घालायच्या, एकीच्या दोन, दोनाच्या तीन. कान टोचल्यावर भोक बुजू नये म्हणून काडी घालतात आणि मग हळूहळू जाड काडी घालतात ना, तसंच. वर्षभर हे केलं की बहुतेक सांधे शहाणे होतात.

यात दुर्बीण डॉक्टरच्या हातात आणि तार माझ्या हातात. डॉक्टर म्हणणार, "पुढे." मी दोन मिलिमीटर पुढे. "फिरव." मी बोटांत फिरवणार. तारेचं एक टोक माणसाच्या लिव्हरमध्ये आणि दुसरं माझ्या अंगठ्याखाली. पडद्यावर दिसायच्या आधी अडथळा बोटाला कळतो. मऊ अडथळा असेल तर वाट आहे, कडक असेल तर भिंत आहे. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं मी पाहिलं नाही. अंगावर शिशाचा एप्रन घालून रोज उभं राहिल्यामुळे माझ्या कमरेचं भजं झालं, पण बोटं अजून शाबूत आहेत.

माझ्या शेवटच्या अकरा वर्षांत दुर्बीण चालवायच्या त्या कामत मॅडम. कारवारकडच्या. उंचीनं एवढ्याशा, टेबलाशी पाय ठेवायला लाकडी पाट घ्यायच्या. नवे डॉक्टर आधी हसायचे, नंतर त्याच पाटाशेजारी उभे राहून शिकायचे. मी बरेच डॉक्टर पाहिले. चांगल्या डॉक्टरचे हात चालतात, पण मॅडमचे हात थांबायचेसुद्धा. तार अडली की त्या म्हणायच्या, "हात सोडा." म्हणजे खरोखर सोडायचे. सगळ्यांनी. वीसपर्यंत मनात आकडे मोजायचे. एवढ्या वेळात पेशंट चार-पाच श्वास घेतो, आतली वळणं सैल पडतात, वाकलेली तार आपली आपण सरळ होते. सुरुवातीला मला वाटलं, ही काय थेरं! पहिल्या वर्षातच मी त्या वीस आकड्यांना हात जोडले.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एचएसआर लेआउट भागातला एक सॉफ्टवेअरवाला होता. आपल्या काविळीचा आलेख काढून आणायचा आणि स्टेंट बदलायची तारीख त्यानं स्वतःच्या, बायकोच्या आणि माझ्यासुद्धा मोबाईलमध्ये घालून ठेवली होती. मी त्याची भरपूर टिंगल केली. पण खरं सांगतो, आमच्या कामात तुंबलेल्या नळीइतकाच मोठा शत्रू म्हणजे पेशंटला बरं वाटणं. बरं वाटलं की तो येत नाही. आतली नळी गाळानं भरत राहते आणि हा गावच्या जत्रेत फिरत असतो. गरज सरो, वैद्य मरो. तो आलेखवाला मात्र एकदाही चुकला नाही.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. यात शहाणपणा मीच केला होता.

महादेव निपाणीकडच्या खेड्यातला. वय अडतीस, इलेक्ट्रॉनिक सिटीत एका कारखान्यात सुपरवायझर. दारूचा थेंब कधी घेतला नव्हता, पण जुन्या काविळीनं लिव्हर पोखरलं होतं. आई-बाप लहानपणीच गेलेले. थोरल्या बहिणीनं वाढवलेला. ती गंगूआक्का. भावाला लिव्हर लागणार म्हटल्यावर तिनं घरी नवऱ्याला सांगितलं, "म्हशींचं तुमी बगा, मी बेंगळूरला जाऊन येतो." जणू बाजाराला निघाली. आपल्या लिव्हरचा मोठा हिस्सा देऊन आठव्या दिवशी ती वॉर्डात भावाच्या उशाशी उभी होती, पोटावरचा टाका एका हातानं दाबून धरत. सगळा मजला तिला आक्का म्हणायला लागला.

ऑपरेशन उत्तम झालं. पाच महिन्यांनी महादेवचे डोळे पिवळे झाले. आक्का त्याला घेऊन आली, पण डोळे पिवळे झाल्यावर तीन आठवड्यांनी. कारण विचारलं तर म्हणे, गावाकडं काम निघालं. मॅडम रागावल्या. तारीख दिली.

दुर्बिणीच्या आधी बाहेरच्या खोलीत पेशंटच्या अंगावरचं सगळं काढून गाऊन घालायचा, हे माझं काम. महादेवचा शर्ट काढला आणि मला कारण सापडलं. गळ्यात काविळीची माळ होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका झुडपाच्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठवून गोल माळ करतात आणि ती डोक्यावर ठेवतात. दिवसागणिक माळ वाढते. डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, आणि पायांतून निघाली की कावीळ उतरली. मग ती वाहत्या पाण्यात सोडायची. मलाही लहानपणी आईनं घातली होती आणि मी बराही झालो होतो. साधी कावीळ तशीही आपली आपण जाते आणि नाव माळेचं होतं. काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात, म्हणून माळ लांबते, हे मला पुष्कळ उशिरा समजलं. पण महादेवची कावीळ नळी तुंबल्याची. तिला माळ काय करणार!

माळ बेंबीपर्यंत आली होती. मी कात्री उचलली. आक्का दारातच उभी होती, ती धावत आत आली.

"कापू नगा ओ अण्णा! कापली की कावीळ माघारी चढती म्हंत्यात."

"आक्का, याच्या गोळ्या तर बंद केल्या नाहीत ना?" मी आधी हेच विचारलं. नवं लिव्हर शरीरानं नाकारू नये म्हणून रोज गोळ्या लागतात, आणि असली औषधं देणारे आधी इंग्रजी गोळ्या बंद करायला सांगतात.

"त्यो म्हनला हुता बंद करा. मी म्हनलं, गोळ्या न्हाई सोडनार, तुजं औषध नगं असलं तर ऱ्हाऊ दे. घड्याळ लावून देतो मी दोन्ही टायमाला. पर माळ तरी घाला म्हनलं. माजा जीव ऱ्हाईना."

आतून गुंगीचे डॉक्टर हाक मारत होते. मला वाटलं, कशाला बाईचं मन मोडा. मी दोरा जरा सैल केला, माळ कमरेवरून खाली ओढली, गुडघ्यांवरून, घोट्यांवरून, आणि अख्खीच्या अख्खी पायांतून काढून तिच्या हातात दिली. "सरी, घ्या आक्का. उतरली."

तिनं ती डोळ्यांना लावली आणि पदरात बांधली. मी स्वतःवर बेहद्द खूष होतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे तेव्हा आठवलं नाही.

त्या दिवशी तार गेली नाही. सांध्याला विचित्र कोन होता आणि आत जेमतेम केस जाईल एवढी जागा. पाऊण तास झाला. मॅडमनी तीनदा हात सोडायला लावले. माझ्या अंगठ्याला दर वेळी भिंतच लागत होती. शेवटी त्या म्हणाल्या, "बास. आज आणखी छेडलं तर फाटेल." थांबणं किती कठीण असतं हे मला माहीत आहे. बाहेर नातेवाईक देवाचं नाव घेत बसलेले असतात आणि आपण हात हलवत जायचं. मॅडम स्वतः बाहेर गेल्या आणि आक्काला सगळं नीट सांगितलं. रेडिओलॉजीच्या डॉक्टरांनी मग महादेवच्या उजव्या कुशीतून सुई घालून लिव्हरमध्ये एक नळी बसवली. तुंबलेलं पित्त तिच्यातून बाहेर पिशवीत पडायला लागलं. ही तात्पुरती सोय. आत जरा सूज उतरली की दहा दिवसांनी परत प्रयत्न करायचा असं ठरलं.

आठवड्यात महादेवचे डोळे पांढरे झाले, खाज गेली, घरी सोडलं. दहावा दिवस आला, महादेव आला नाही. मी फोन केला. आक्कानं उचलला. "येतो की अण्णा, म्होरल्या आठवड्यात." पुढचा आठवडाही गेला. परत फोन केला, तेव्हा आक्का अगदी समजुतीच्या सुरात बोलली.

"अण्णा, कावीळ तर उतरली न्हवं? तुमीच उतरीवली की पायातनं. डोळं बगा कसं सफेद झाल्यात. आता परत त्येच्या घशात नळी कशापायी? पोरगं भितंय."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिला वाटत होतं, दुर्बीण फसली तरी माळ लागू पडली. आणि माळ उतरल्याचं शिक्कामोर्तब कुणी केलं होतं? दुर्बिणीच्या खोलीतल्या अण्णानं. मी फोनवर काहीतरी पुटपुटलो, "तरी या हो," असं, आणि ठेवून दिला.

घरी जेवताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "माळ तुम्ही काढलीत ना? मग तुम्हीच जा. फोनवर असलं कबूल करता येत नाही." उद्या रविवार आहे, विश्रांती आहे, असं मी म्हणून पाहिलं. तिनं पोळी वाढायची थांबवली.

रविवारी सकाळी बसनं इलेक्ट्रॉनिक सिटीला गेलो. एका खोलीचं बिऱ्हाड, तिसरा मजला. महादेव चटईवर पांघरूण घेऊन बसला होता. आक्कानं मला बघितलं आणि इतकी आनंदली की मला आल्यापावली परत जावंसं वाटलं.

"बगा अण्णा, बगा!" तिनं महादेवच्या कमरेची पिशवी उचलून दाखवली. "दोन दिस झालं, थेंब न्हाई. पित्त सरलं समदं."

पिशवी कोरडी ठणठणीत होती. पित्त सरत नसतं हो. लिव्हर जिवंत आहे तोवर ते रोज होत राहणार. पिशवी कोरडी याचा अर्थ नळी बुजली आणि दोन दिवसांचं पित्त आत साठलंय. मी महादेवला खिडकीशी नेऊन डोळे पाहिले. पांढऱ्यावर पिवळी झाक परत आली होती.

"ताप?"

"कणकण हाय जरा," महादेव म्हणाला. "सकाळपास्नं थंडी वाजाय लागलीय."

मी आक्काला खाली बसवलं. "आक्का, ती माळ उतरली नव्हती. मी ओढून काढली."

"म्हंजी?"

"बेंबीपाशी होती. कापली तर तुम्ही घाबराल, म्हणून दोरा सैल करून खाली खेचली. तिचं तिनं काही झालं नव्हतं. डोळे पांढरे झाले ते या नळीमुळे. आणि आता नळी बुजलीय."

"तुमी म्हनला हुता, घ्या आक्का, उतरली."

"म्हणालो होतो. चुकलं माझं."

"मी ह्येला धीर दिला तुमच्या जिवावर. मॅडमवानी शिकल्याली बाई ये म्हनत हुती, तर मी म्हनलं, त्येस्नी काय ठावं, अण्णांनी डोळ्यानं बगितलंय." तिचा आवाज चढला. "मला अडाणी समजून खेळवलासा व्हय?"

समजूतच तशी होती माझी. तिला खरं झेपणार नाही असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. जिनं नवऱ्याला म्हशी सांभाळायला लावून पोट फाडून घेतलं, तिला!

मग तिचा आवाज एकदम खाली आला. पोटावरच्या जुन्या टाक्यावर तिचा हात आपोआप गेला. "अण्णा, मी दिल्यालं वाया जानार काय?"

"अजून नाही. पण आत्ता निघायला हवं."

पाच मिनिटांत तिनं गोळ्यांचा डबा, कागद, टॉवेल पिशवीत भरले आणि भावाला उठवलं. टॅक्सीत ती माझ्याशी अवाक्षर बोलली नाही. बोलली असती तर मला जरा बरं वाटलं असतं.

मॅडमना मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, फाडून खातील. त्या हात धूत होत्या, धूतच राहिल्या. मग म्हणाल्या, "अण्णा, माळ कापली असतीत तर आक्का त्याच दिवशी उठून गेली असती. काढलीत तशी काढलीत, बरोबर केलंत. पण संध्याकाळी बाहेर जाऊन तिला खरं सांगायला पाच मिनिटं लागली असती." एवढंच बोलल्या. नंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही, माझ्यासमोर नाही आणि माझ्यामागेही नाही, हे मला इतरांकडून समजलं. माणूस मोठा कशानं होतो ते मी तेव्हा पाहिलं.

कुशीतली नळी त्याच दुपारी बदलली. दाटलेलं घाण पित्त भसाभस बाहेर आलं. चार दिवस शिरेतून औषधं दिली, ताप उतरला. पाचव्या दिवशी परत प्रयत्न करायचा होता, या वेळी दोन्ही बाजूंनी. रेडिओलॉजीच्या डॉक्टरांनी कुशीतल्या नळीतून तार आत सोडायची आणि वरून सांधा ओलांडून आतड्यात उतरवायची. मॅडमनी खालून दुर्बिणीतून फास टाकून ती पकडायची आणि तोंडातून बाहेर आणायची. हे जमलं नसतं तर परत पोट उघडावं लागलं असतं. तापातून नुकत्याच उठलेल्या माणसाला ते कितपत झेपेल, कुणी सांगू शकत नव्हतं. आणि पित्त असंच तुंबत राहिलं असतं तर ते लिव्हर कुजलं असतं. दुसरं आणायचं कुठून?

संमतीचा कागद घेऊन मी आक्कासमोर गेलो. नर्स मुद्दाम मलाच पाठवत होती की काय कोण जाणे. आक्कानं पेन घेतलं नाही.

"आता खरं सांगा. हुनार का?"

"माहीत नाही, आक्का."

तिनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "ह्ये खरं वाटतंय," ती म्हणाली आणि सही केली.

त्या दिवशी वरून सोडलेली तार सांध्याशी आली आणि गुंडाळीच करून बसली. एकदा, दोनदा, पाचदा. रेडिओलॉजीच्या डॉक्टरांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. ते चांगलेच कसलेले, पण अडलेल्या तारेपुढे हात शिवशिवतातच. मॅडम पाटावरून म्हणाल्या, "हात सोडा." त्यांनी मान वर करून पाहिलं. दुसऱ्या विभागाच्या डॉक्टरांना असं सांगायचं म्हणजे! मॅडम अगदी हळू म्हणाल्या, "सर, प्लीज. वीस सेकंद."

त्यांनी सोडले. खोलीत फक्त महादेवच्या श्वासाचं मशीन ऐकू येत होतं. पडद्यावर तारेची गुंडाळी एका श्वासाला थोडी उलगडली, दुसऱ्याला आणखी थोडी. टोक मघाशी भिंतीकडे होतं, ते किंचित खाली वळलं. मी तेरापर्यंत आलो होतो. वीस झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "आता फक्त फिरवा. ढकलू नका."

तार फिरली, आणि सुटल्यासारखी सरळ खाली आतड्यात आली. मी फास आत सरकवला, मॅडमनी तार त्यात घेतली, मी फास आवळला. हळूहळू ओढत तोंडातून बाहेर आणली. आता एकच तार, एक टोक कुशीबाहेर त्या डॉक्टरांच्या हातात आणि दुसरं माझ्या. ही घडी फार जपायची असते. दोन्हीकडून सारखा ताण हवा. सैल सोडली तर निसटते, जास्त ओढली तर तीच तार आतून लिव्हर कापत जाते. आक्काच्या पोटातून काढलेलं ते लिव्हर होतं. मी आयुष्यात इतक्या हलक्या हातानं काही धरलं नाही, स्वतःचा नातूसुद्धा नाही. फुगा गेला, सांधा ताणला गेला, स्टेंट बसला, आणि दुर्बिणीच्या चित्रात स्टेंटच्या तोंडातून हिरवट पिवळं पित्त बदाबद आतड्यात पडलं. तुम्हाला वाचून किळस येईल. आम्हा खोलीतल्या सगळ्यांना ती दिवाळी वाटते.

बाहेर जाऊन मी आक्काला सांगितलं, "गेली तार." ती पदरात तोंड घालून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आता तारीख सांगा. आनि पक्की सांगा."

वर्षभरात महादेव ठरल्या तारखांना येत राहिला. आक्का प्रत्येक वेळी गावाहून एक दिवस आधीच यायची. एकाचे दोन झाले, दोनाचे तीन. शेवटच्या तारखेला मॅडमनी सगळे स्टेंट काढले, नळीत औषध सोडून एक्स-रे घेतला आणि बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "आक्कांना आत बोलवा." नातेवाइकांना आत घ्यायची पद्धत नाही. मी विचारलंही नाही, गेलो आणि घेऊन आलो.

आक्का चपला बाहेर काढून आली. पडद्यावर पित्तनळ्यांचं चित्र होतं, फांद्या फुटत गेलेलं. ती हात जोडूनच उभी राहिली.

"यातलं माजं कुटलं, आनि ह्येचं कुटलं?"

मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं. "इथून वर सगळं तुमचं. इथून खाली त्याचं."

आक्का पुढे सरकली, अगदी पडद्याला नाक लागेल इतकी. वरून खाली, खालून वर पाहत राहिली. थोड्या वेळानं ती माझ्याकडे वळली. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या त्या दिवसापासून कुणीही काहीही सांगितलं तरी ती शेवटी मला विचारून खातरी करायची.

"अण्णा, मला तर सांधा दिसंना की."

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि त्या जागेकडे निरखून पाहिलं.

"मलाही नाही दिसत, आक्का," मी म्हणालो, आणि या वेळी ते खरं होतं.